घामाची लिपी : कागदावरील सुप्त अंगुलिमुद्रांच्या रासायनिक वाचनाचा इतिहास

हस्तलिखिताचे वर्णन करताना आपण कागद, शाई, लिपी, आकार, पृष्ठसंख्या आणि लेखनकाल यांची नोंद काटेकोरपणे करतो. ज्या हातांनी ते हाताळले त्यांची नोंद मात्र ‘कोपरे मळलेले’ एवढ्या दोन शब्दांत आटोपते. लेखक, लेखनिक आणि वाचक या त्रयीपैकी वाचक हा आपल्या शास्त्रात बहुधा अनुमानानेच सिद्ध करावा लागतो. समासातील टिपा, मालकीच्या नोंदी, एखादे वाळलेले पान, हीच त्याची साधने. वस्तुतः वाचकाने पानाला बोट लावले त्या क्षणी त्याने तेथे एक लेख मागे ठेवलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. हा अदृश्य लेख दृश्य करण्याची खटपट गेली दीडशेहून अधिक वर्षे चालली आहे आणि ती करणारे बहुतेक जण रसायनज्ञ, वैद्य व पोलीस होते. प्रस्तुत निबंधात त्या खटपटीचा इतिहास लिखित कागदाच्या बाजूने मांडावयाचा आहे. तसे करण्याचे कारण असे की, या इतिहासात आरंभापासून एक झगडा आहे : बोट वाचावयास जावे तर अक्षर धोक्यात येते.

या विषयाचा दृश्य भाग मराठीला अपरिचित नाही. पेशवेकालीन महजरांवर पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी आढळते. बलुतेदारही आपापल्या हत्याराची आकृती काढून साक्ष घालीत. पुढे इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांतून ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द रुळले आणि ते इतके अंगवळणी पडले की, रमेश इंगळे उत्रादकर यांनी साक्षरता अभियानाचा उपहास करणाऱ्या आपल्या कादंबरीला तेच शीर्षक दिले. नांगराच्या निशाणीतून वतन आणि व्यवसाय कळतो, अंगठ्यातून एकच एक देह कळतो. दस्तऐवजाच्या मराठी परंपरेत घडलेले हे स्थित्यंतर स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, शाईचा अंगठा हा मागून घेतलेला ठसा असतो. सुप्त ठसा कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

मागून घेतलेल्या ठशाचा आधुनिक आरंभ बंगालात झाला, हे सर्वश्रुत आहे. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि त्याच्या पाठीवर कोनाईच्या उजव्या पंज्याचा ठसा घेतला. करार कोनाईने स्वहस्ते बंगालीत लिहिलेला होता. म्हणजे ठसा देणारा निरक्षर नव्हता. त्याने पुढे आपली सही नाकारू नये, अशी जरब बसविणे हा हेतू होता. एकाच कागदाच्या एका अंगाला हाताने लिहिलेले अक्षर आणि दुसऱ्या अंगाला खुद्द हात, अशी ही वस्तू आहे, आणि शासनाचा विश्वास दुसऱ्या अंगावर आहे. कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९ साली खुणा व माग यांवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात हर्शेलच्या बंगालमधील प्रयोगाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. त्याचा निबंध तौलनिक साहित्याच्या वर्गात बहुधा शिकविला जातो. मात्र त्यात रसायनशास्त्र जवळजवळ नाही. ठसा दिसतो हे तेथे गृहीत आहे. तो दिसावा कसा, हा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे.

त्याचे उत्तर प्रथम मिळाले ते बनावट दस्तऐवजांच्या शोधातून. पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयातील रसायनाचे प्राध्यापक पॉल-झां कुलिए यांनी १८६३ साली आयोडिनच्या वाफेने लेखनातील फेरफार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. आयोडिनचे स्फटिक किंचित उष्णतेने थेट वाफेत जातात. ही जांभळी वाफ कागदावर सोडली की, जेथे अक्षर खरवडले किंवा औषधाने पुसले असेल तेथे कागदाच्या खळीचा थर बिघडलेला असल्याने रंग निराळा उठतो. कुलिएला हवी होती ती खाडाखोड. पण त्याच कागदावर त्याला बोटांच्या खुणाही उमटलेल्या दिसल्या आणि त्याने ते लिहून ठेवले. हर्शेलचे टिपण अजून छापले गेले नव्हते. गुन्हेगाराचा ठसा हा शब्दप्रयोगही जन्मला नव्हता. कुलिएचा लेख पुढे विस्मृतीत गेला आणि २०१० साली लोझान विद्यापीठातील संशोधकांनी तो पुन्हा उजेडात आणला. म्हणजे सुप्त ठशाचे पहिले वाचन हे पाठचिकित्सेचे उपफल होते. संहितेत कोणी हात घातला आहे काय, हा आपलाच प्रश्न. त्या प्रश्नाच्या मागे लागलेल्या माणसाला शब्दशः हात सापडला.

आयोडिन हे स्निग्ध पदार्थांत शोषले जाते आणि उडूनही जाते. त्यामुळे तपकिरी ठसा उमटतो तो थोड्याच वेळात फिकट होऊन नाहीसा होतो. छायाचित्र घेण्याइतकी उसंत मिळते. ठसा ताजा असेल तर ही रीत चांगली, जुना असेल तर निरुपयोगी. मात्र तिचा एक गुण पुढच्या कोणत्याही रीतीत नाही : ती कागद फारसा बदलत नाही.

यानंतरचे पाऊल वैद्यांनी टाकले. लिआँ येथे त्वचारोगांचा अभ्यास करणाऱ्या ओबेरने घामाच्या अभ्यासासाठी सिल्व्हर नायट्रेट वापरले होते. त्याच नगरात लाकासान्यच्या शिष्यांपैकी रने फोर्जो याने १८९१ साली सुप्त ठशांवर प्रबंध लिहिला. तत्त्व छायाचित्रणाचे आहे. घामात मीठ असते. त्यातील क्लोराइडशी चांदीचा क्षार मिळाला की सिल्व्हर क्लोराइड तयार होते आणि ते उजेडात काळवंडते. कागदाला या द्रावणात बुडवून उन्हात धरावे, ठसा काळा होऊन येतो. पण तेथेच न थांबता सगळा कागदही हळूहळू काळा पडू लागतो. १९३२ साली अमेरिकेत लिंडबर्ग यांच्या बालकाचे अपहरण झाले तेव्हा इरॅस्टस हडसन या डॉक्टराने गुन्ह्यात वापरलेल्या लाकडी शिडीवर हीच रीत चालविली. तिची ख्याती तेव्हापासून झाली.

याच दरम्यान, १८९७ साली, जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला आढळला आणि तिजोरी फोडलेली दिसली. संशय मळ्यातील मजुरांवर गेला, स्वयंपाक्यावर गेला, त्या भागातून गेलेल्या काबुल्यांवरही गेला. अखेर मृताच्या कागदपत्रांत एक बंगाली पंजिका सापडली. तिच्या फिकट निळ्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली एक डाग उजव्या हाताच्या बोटाचा अंश ठरला. कोलकात्यात त्याच वर्षी अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले होते. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमाने बसविलेली आणि एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेलेली वर्गीकरणपद्धती तेथे वापरात होती. पूर्वी चोरीसाठी शिक्षा झालेल्या कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी तो डाग जुळला. सरकारी रासायनिक परीक्षकाने डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचा असल्याचा दाखला दिला. १८९८ साली खटला चालला. न्यायालयाने चोरी सिद्ध मानली. खून मानला नाही.

हा निर्णय विचारात घेण्याजोगा आहे. अंगठा पंजिकेवर होता, हे निर्विवाद. अंगठ्याच्या धन्याने पंजिका हाताळली, हेही निर्विवाद. त्यापुढचे वाक्य मात्र अंगठा बोलत नाही, असे असेसरांना वाटले. पुढे १८९९ च्या पाचव्या अधिनियमाने साक्ष कायद्याच्या कलम ४५ मध्ये बोटांच्या ठशांविषयीचे तज्ज्ञमत ग्राह्य ठरले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. तरीही ‘स्पर्श’ आणि ‘कृती’ यांतील जे अंतर जलपायगुडीच्या असेसरांनी राखले, ते कोणत्याही रसायनाने बुजलेले नाही. साहित्यानेही हा संशय लवकरच उचलला. मार्क ट्वेनच्या ‘पडनहेड विल्सन’मध्ये (१८९४) ठसा हा सत्याचा अंतिम शब्द आहे, अवघ्या तेरा वर्षांनी आलेल्या आर. ऑस्टिन फ्रीमनच्या ‘द रेड थंब मार्क’मध्ये (१९०७) तिजोरीतील कागदावरचा रक्ताळलेला अंगठा बनावट निघतो. फ्रीमन हा व्यवसायाने डॉक्टर होता आणि त्याच्या कादंबरीतील बनावटीची रीत रसायनाच्या दृष्टीने विश्वसनीय आहे. कथेने प्रमाणाला पूर्ण मान्यता मिळण्याआधीच त्याची चिकित्सा सुरू केली. शास्त्राच्या बाजूने तशी साकल्याने चिकित्सा होण्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २००९ चा अहवाल यावा लागला.

आता या इतिहासातील मध्यवर्ती पदार्थाकडे वळू. सीगफ्रीड रूहेमान हा पूर्व प्रशियात जन्मलेला, बर्लिनमध्ये शिकलेला आणि केंब्रिजमध्ये अध्यापन करणारा रसायनज्ञ. १९१० साली तो वेगळेच संयुग करू पाहत होता आणि हाती आला तो निराळाच पदार्थ. त्याचे द्रावण त्वचेला लागले की जांभळा डाग पडतो, अमिनो आम्लांशी ते गडद जांभळा रंग देते, हे त्याने नोंदविले. पुढे या पदार्थास निनहायड्रिन हे नाव मिळाले आणि त्या रंगास ‘रूहेमानचा जांभळा’ असे म्हणू लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन जन्माच्या या प्राध्यापकाला केंब्रिज सोडावे लागले. १९४३ साली तो लंडनमध्ये वारला. आपल्या रंगाचा ठशांशी काही संबंध आहे, हे त्याच्या हयातीत कोणी म्हटले नाही.

ही गोष्ट चमत्कारिक आहे, कारण संबंध सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत निनहायड्रिन नित्याचे झाले. १९४० च्या दशकात मार्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कागदी वर्णलेखनाची पद्धती काढली. अमिनो आम्लांचे मिश्रण गाळणकागदावर विलग करावयाचे आणि निनहायड्रिन फवारून त्यांचे ठिपके उठवावयाचे, अशी ती रीत. मार्टिन व सिंज यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते वर्णलेखनाच्या शोधासाठी. या कामात कागदाला उघडे बोट लागले तर तेथेही जांभळा ठसा उठे आणि प्रयोग बिघडे. म्हणून कागद चिमट्याने धरावा, अशी शिस्त होती. जगभरच्या प्रयोगशाळांतील शिकाऊ विद्यार्थी उत्तम प्रतीचे अंगुलिमुद्रालेख रोज तयार करीत होते आणि रोज केराच्या टोपलीत टाकीत होते. स्वीडनमधील स्वांते ओडेन आणि बेंग्ट फॉन हॉफस्टेन यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात लहानसा लेख लिहून या दोषालाच साधन ठरविले. रूहेमानच्या प्रयोगानंतर चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. विद्याशाखांच्या भिंती किती जाड असतात, याचे याहून बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही. आमच्या साहित्यविभागांतूनही असे अनेक ‘डाग’ पुसले जात असतील, असे वाटल्यावाचून राहत नाही.

निनहायड्रिनची महत्ता समजून घेण्यास घामाची घटना पाहावी लागते. बोटांच्या टोकांवर तैलग्रंथी नसतात. तेथे केवळ स्वेदग्रंथी. ठशात जो स्निग्धांश असतो तो चेहऱ्याला, केसांना हात लावल्याने आलेला. स्वेद बहुतांशी पाणीच. उरलेल्या अल्पांशात क्षार, युरिया, लॅक्टिक आम्ल आणि अमिनो आम्ले, त्यांतही सेरीन विशेष. कागदाला बोट लागले की पाणी उडून जाते. क्लोराइड दमटपणाने कागदात पसरत जाते, म्हणून चांदीची रीत काही दिवस वा महिन्यांनंतर अस्पष्ट आकृती देते. अमिनो आम्ले मात्र सेल्युलोजच्या तंतूंना धरून राहतात आणि जागा सोडत नाहीत. त्यामुळे काही दशकांपूर्वीच्या कागदांवरूनही निनहायड्रिनने ठसे उठविले गेले आहेत. शाई उडते, कागद पिवळा पडतो, आणि स्पर्श तेथेच असतो.

अडचण निराळ्या बाजूने आली. निनहायड्रिन कागदात मुरण्यासाठी द्रावक हवा. आरंभीचा द्रावक ॲसिटोन होता. ॲसिटोनने बॉलपेनची शाई वाहू लागते. धमकीचे पत्र, बनावट धनादेश किंवा मृत्युपत्र यांवर ठसा उठवावा तर मजकूर ओघळून जाई. बोट आणि अक्षर या दोन साक्षीदारांपैकी एकाला बोलते करण्यासाठी दुसऱ्याला मुके करावे लागे. १९७४ साली इंग्लंडमध्ये मॉरिस आणि गुड यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील एक द्रावक योजला. तो पेट घेत नसे आणि बहुतेक शाया त्यात विरघळत नसत. अक्षराला जीवदान मिळाले. पण हीच रसायने वातावरणातील ओझोनचा थर विरळ करतात, असे निष्पन्न झाले. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांवर बंधने आली. परिणामी १९९० च्या दशकात हायड्रोफ्लुरोईथर हा पर्यायी द्रावक शोधावा लागला. एखाद्या पत्रावरील अक्षरे शाबूत राहावीत, या मागणीचा धागा असा थेट आकाशापर्यंत पोचलेला आहे.

पुढील प्रगती झाली ती प्रकाशाच्या बाजूने. १९८२ च्या सुमारास असे दिसले की, जांभळ्या ठशावर झिंक क्लोराइडची प्रक्रिया केली तर तो नारिंगी होतो आणि लेझरच्या प्रकाशात स्वतः उजळतो. १९९० साली ग्रिग, पाउंड्स आणि सहकाऱ्यांनी निनहायड्रिनच्याच कुळातील डीएफओ हे संयुग या कामी आणले. १९९७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मादलेन जुलिए यांच्या गटाकडून इंडेनडायोन आले. ही संयुगे डोळ्यांना फिकट गुलाबी रंग देतात, पण हिरव्या प्रकाशात, योग्य गाळणीतून पाहिले असता, ठसा प्रतिदीप्त होतो. निनहायड्रिनला जेथे काही दिसत नाही तेथे यांना दिसते. कागद पाण्यात पडला असेल तर मात्र या साऱ्यांचा इलाज खुंटतो, कारण अमिनो आम्ले पाण्यात विरघळून जातात. तेव्हा न विरघळणाऱ्या स्निग्धांशाकडे वळावे लागते. १९७० च्या दशकात ब्रिटनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रात विकसित झालेला ‘फिजिकल डेव्हलपर’ हा छायाचित्रणातून घेतलेला चांदीचा विकासक त्यासाठीच. कॅनडातील अलेक्झांद्र बोद्वँ यांनी २००४ साली सुचविलेले ऑइल रेड ओ हे रंजकद्रव्य त्यापेक्षा सोपे आहे. नव्या थर्मल पावत्या हे वेगळेच संकट. त्यांना अनेक द्रावक लागताच त्या सर्वांगी काळ्या होतात.

या उपायांचा क्रम ठरलेला असतो आणि तो क्रम मला पाठचिकित्सेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो. प्रथम केवळ डोळे आणि निरनिराळे प्रकाश, मग, वरच्या कागदावर लिहिताना खालच्या कागदावर उमटलेल्या दाबखुणा वाचण्याचे विद्युत्स्थितिक यंत्र, मग डीएफओ किंवा इंडेनडायोन, मग निनहायड्रिन, शेवटी चांदीचा विकासक. हा क्रम उलटता येत नाही. कागद एकदा द्रावकाने भिजला की दाबखुणा वाचण्याची आशा फारशी उरत नाही. प्रत्येक वाचन पुढच्या एखाद्या वाचनाची शक्यता संपविते, आणि म्हणून कोणते वाचन आधी, याचा निर्णय घेणाऱ्यावर जबाबदारी येते. आपण संहितेविषयी ‘अनंत वाचने’ अशी भाषा सहज करतो. कागदाला ती परवडत नाही.

मग ही साधने आपल्या दप्तरखान्यांकडे आणावीत काय? पेशवे दफ्तरातील मोडी रुमालांवर, महानुभावांच्या पोथ्यांवर, लेखनिकांचे आणि वाचकांचे ठसे उठविता आले तर, अशी कल्पना उत्साही विद्यार्थ्यांकडून अधूनमधून ऐकू येते. कल्पना मोहक आहे, परंतु रसायनाचा निर्वाळा प्रतिकूल आहे. देशी हातकागदाला पिष्टमय खळ देऊन तो घोटीत असत. पिष्टाला आयोडिन निळे-जांभळे करते. म्हणजे बोटाऐवजी पानच रंगून निघण्याचा धोका. युरोपातील जुन्या कागदाला प्राणिज सरसाची, म्हणजे प्रथिनाची, खळ असे. तेथे निनहायड्रिनने पार्श्वभूमीच जांभळी होण्याचा संभव. बोरूने लिहिलेली काजळीची शाई ॲसिटोनला दाद देणार नाही हे खरे, पण ती डिंकाने धरलेली असते आणि डिंक पाण्यात सुटतो. चांदीच्या विकासकात तर कागद आम्लात आणि पाण्यात वारंवार बुचकळावा लागतो. आधुनिक पत्राला द्रावक मारतो, मोडी कागदाला पाणी मारील.

याला पर्याय आहे तो मळाचाच. कॅथरिन रूडी या कलेतिहासकार विदुषीने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्ययुगीन युरोपीय प्रार्थनापोथ्यांच्या समासांचा काळसरपणा घनतामापक यंत्राने मोजला आणि कोणती प्रार्थना वाचकांनी वारंवार उघडली हे त्यावरून दाखविले. कोणतेही द्रावण नाही, कोणाची ओळख पटविणे नाही. व्यक्तीचे नाव हरवते, पण वाचनाची सवय हाती लागते. आपल्या नित्यपाठाच्या पोथ्यांवर असे काम करून पाहण्यास काहीच प्रत्यवाय नाही. ‘कोपरे मळलेले’ या नोंदीऐवजी कोणत्या पानाचा कोणता कोपरा किती मळलेला, एवढे लिहिले तरी आरंभ होईल.

राहिला प्रश्न काळाचा. सुप्त ठसा कोणाचा हे सांगता येते, परंतु तो केव्हाचा हे विश्वसनीयपणे सांगण्याची रीत आजही हाती आलेली नाही. त्यामुळे अठराव्या शतकातील एखाद्या कागदावर समजा ठसा उठलाच, तर तो कारकुनाचा, वतनदाराचा, दफ्तर लावणाऱ्या शिपायाचा की गेल्या महिन्यात तो रुमाल सोडणाऱ्या संशोधकाचा, याचा निवाडा कागद करणार नाही. ठसे तुलनेसाठी नोंदलेले आहेत ते आपल्यासारख्या हयात माणसांचेच. त्यात भर म्हणजे, सुती हातमोज्यांनी बोटांची जाणीव बोथट होते आणि पाने फाटतात, या अनुभवामुळे अनेक प्रमुख ग्रंथालये आता हातमोज्यांऐवजी स्वच्छ, कोरडे, उघडे हात पसंत करतात. प्रत्येक अभ्यासवृत्तीबरोबर कागदावर सेरीनचा आणखी एक थर चढत आहे.